सस्टेन पेडल मध्येच दगा देतंय, सूर सुटतच नाहीत (सांगली)

गावभागची_सरगम | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात मुलांचे कीबोर्डचे वर्ग घेते. कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा आहे, सहा वर्षं रोज चार तास वाजतोय आणि कधी तक्रार नव्हती. गेले तीन आठवडे मात्र सस्टेन पेडलनं, म्हणजे पायानं दाबलं की सूर घुमत ठेवणाऱ्या पेडलनं, रडवलंय.

पाय उचलला तरी सूर सुटत नाहीत. सा वाजवून गंधारावर गेलं की सा मागं रेंगाळतो, त्यात पंचम मिसळतो आणि चार स्वरांत सगळा चिखल होतो. मग अचानक दहा मिनिटं अगदी शहाण्यासारखं चालतं. परवा तर उलटंच झालं. पेडल दाबलं की आवाज तुटायचा, सोडलं की घुमत राहायचा. बंद करून पुन्हा चालू केलं तर ठीक!

एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्यांनी पाच मिनिटं पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, मेन बोर्ड गेलंय, साडेचार हजार लागतील. घरी आल्यावर लक्षात आलं की पेडल तर पिशवीतच होतं. ते लावून बघितलंच नाही कुणी.

पुढच्या रविवारी गल्लीतल्या गणपतीपुढे मुलांचा कार्यक्रम आहे. एक अकरा वर्षांची मुलगी दोन महिने भूपातला एक तुकडा बसवतेय. त्यातला शेवटचा कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) आठ मात्रा घुमायला हवा आणि नवव्या मात्रेला स्वच्छ थांबायला हवा. तिची मेहनत पेडलपायी वाया जाऊ नये एवढंच वाटतं. कुणी नीट सांगेल का, कुठून सुरुवात करू?

काळी_चार | सोमवार, रात्री १०.०५

ताई, एक विचारतो. कीबोर्ड चालू करताना कुणाचा पाय पेडलवर असतो का?

बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघून घेतात आणि जी दिसेल ती ‘पाय नाही’ अशी धरतात. त्या क्षणी पेडल दाबलेलं असलं की पुढं सगळं उलटं चालतं. यामाहाच्या पुस्तिकेत तर ‘चालू करताना पेडल दाबू नका’ असं सरळ लिहिलेलं असतं. आमच्या तासगावच्या ऑर्केस्ट्रात हे दोनदा झालंय. स्टेजवर गर्दी असते, कुणाची तरी बॅग पेडलवर पडलेली असते.

गावभागची_सरगम | सोमवार, रात्री १०.२०

दादा, मला वाटलं होतं हेच असेल. पण मी आज पेडल टेबलावर माझ्यासमोर ठेवून चालू केलं. कुणाचा हात नाही, पाय नाही. पाचपैकी एकदा तरीही उलटं आलं. आणि सरळ आलं तरी सूर मध्येच अडकतातच.

सोल्डरगन_मिरज | सोमवार, रात्री ११.१०

ताई, बोर्डाचा विचार आज डोक्यातून काढा. मी वीस वर्षं अँप्लिफायर आणि कीबोर्ड दुरुस्त करतोय. पेडलची तक्रार घेऊन आलेल्यांत बोर्ड खराब निघणारे फार थोडे. पेडल म्हणजे शेवटी दारावरच्या बेलचं बटण. आत एक स्विच, दोन तारा आणि टोकाला एक पिन. आपल्याकडं दुकानात तिला पी-३८ म्हणतात, ६.३५ मिलिमीटरची.

आता मुद्द्याचं बोलतो. पेडल कसं बिघडतं यापेक्षा कुठल्या बाजूनं बिघडतं ते बघायचं.

पेडल दोन प्रकारची असतात. एकात पाय नसताना स्विच जोडलेला असतो आणि दाबला की तुटतो. यामाहाचं एफसी-५ तसलं. दुसऱ्या प्रकारात पाय नसताना स्विच सुटा असतो, दाबला की जोडला जातो. आता विचार करा, पहिल्या प्रकारात वायर आतून तुटली तर काय होईल? कीबोर्डला वाटणार कुणीतरी पेडल दाबून धरलंय. सूर अडकणार. कॉन्टॅक्टवर मळ बसला तरी तेच होणार. दुसऱ्या प्रकारात हीच वायर तुटली तर कीबोर्डला पाय कधी कळणारच नाही, सस्टेन मिळणारच नाही.

तुमचे सूर अडकतात. म्हणजे तुमचं पेडल बहुतेक पहिल्या प्रकारचं आहे आणि कुठंतरी जोड सुटतोय.

तुमची दुसरी तक्रारही यातच बसते. जोड सुटलेला असतानाच तुम्ही कीबोर्ड चालू केला, तर त्यानं ‘सुटा म्हणजे पाय नाही’ असं धरलं. नंतर वायर हलून जोड लागला की त्याला वाटतं पाय पडला. म्हणून सोडल्यावर घुमतो आणि दाबल्यावर तुटतो. दोन दुखणी वाटतात, पण रोग एकच.

उद्या एवढं करा. सूर अडकलेले असताना पेडलची पिन कीबोर्डातून उपसून काढा. आवाज लगेच सुटला, तर कीबोर्ड ठणठणीत. पिन काढूनही घुमतच राहिला, तर आधी पॅनेलवरचं सस्टेनचं बटण चालू राहिलंय का ते बघा. मग जॅककडे, म्हणजे पिन जाते त्या भोकाकडे वळू.

विटेकर | मंगळवार, सकाळी ७.३०

पेडल सेटिंगही एकदा बघून घ्या. कॅसिओच्या काही कीबोर्डांत त्याच जॅकवर सस्टेन, सॉस्टेनुटो (दाबलेलेच सूर धरणारं), सॉफ्ट (आवाज मऊ करणारं) किंवा ऱ्हिदम चालू-बंद असं काहीही लावता येतं. मुलांनी चुकून बदललेलं असतं. माझ्या भाच्यानं बदललं होतं, मी दोन दिवस वायर तपासत बसलो.

काळी_चार | मंगळवार, सकाळी ८.१५

आणि आवाज कुठला लावलाय? ऑर्गन किंवा स्ट्रिंग्जवर पेडल दाबलं की सूर विरतच नाही, तो लागूनच राहतो. पियानोच्या आवाजावर तपासा.

उलट बाजूही आहे. पेडल दाबून भरपूर स्वर वाजवले की जुने स्वर आपोआप तुटायला लागतात. कीबोर्ड एकावेळी ३२ किंवा ४८ आवाजच काढू शकत असेल आणि तुम्ही दोन आवाज एकावर एक लावलेले असतील, तर एका पट्टीला दोन-दोन खर्च होतात. वर ऱ्हिदम चालू असेल तर तोही त्यातूनच घेतो. पुष्कळ जण याला पेडलचा दोष समजतात. तुमच्याकडं तसं दिसत नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

गावभागची_सरगम | मंगळवार, दुपारी २.५०

पिन उपसली. आवाज त्या क्षणी सुटला! तीनदा केलं, तीनदा तेच. पॅनेलवरचं बटण बंद आहे, आवाज पियानोचाच आहे. साडेचार हजार वाचले, म्हणजे आता पेडल उघडायचं. खाली रबराचा तुकडा चिकटवलाय, स्क्रू दिसत नाहीत.

सोल्डरगन_मिरज | मंगळवार, दुपारी ३.१०

रबराखालीच असतात. केस वाळवायचं मशीन अर्धा मिनिट लांबून फिरवा, गोंद मऊ होईल, मग कोपऱ्यातून हळू उचला. चार स्क्रू निघतील. आत स्प्रिंग असते ती उडते, म्हणून पेडल कापडावर ठेवून उघडा आणि उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढत चला.

आत धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकलेल्या दिसतील. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी कापा, आयपीएमध्ये म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, पात्यांच्या मध्ये घाला आणि हलक्या हातानं ओढून काढा. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो आणि महिन्यात पुन्हा काळं पडतं. पात्यांऐवजी काळ्या रबराची टोपी दिसली तर तीही खरवडू नका. ती कार्बनची असते, कोरड्या इअरबडनं पुसायची.

हळदगल्ली | मंगळवार, दुपारी ४.००

मी मार्केट यार्डाजवळ राहतो. आमच्याकडं हंगामात हळदीची पूड कुठंही जाऊन बसते. माझं पेडल उघडलं तेव्हा कागदाची पट्टी पिवळी निघाली होती. तेव्हापासून वाजवून झालं की पेडल कापडी पिशवीत घालून ठेवतो. दोन वर्षं काही झालं नाही.

पायपेटी | मंगळवार, सायंकाळी ६.४५

हा धागा फार आस्थेनं वाचतोय. माझं वय झालं, इलेक्ट्रॉनिक्समधलं मला कळत नाही. पण पायाशी माझा जुना संबंध आहे. मी नाट्यसंगीताला पायपेटी वाजवायचो. तिथं दोन्ही पायांनी भाता भरत राहायचा. पाय थांबला की सूर विरला. पावसाळ्यात कृष्णेकाठची हवा अशी ओलसर व्हायची की पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या पात्यांवर, हिरवट चढायचं आणि एखादा सूर बोलायचाच नाही. आम्ही सूर बाहेर काढून पुसायचो. तुमच्या पात्यांचं दुखणं मला त्यामुळे ओळखीचं वाटतं.

मुलीला शिकवताना एक बघा. पेडल स्वराच्या बरोबर दाबू नये. नवा कॉर्ड वाजला की पाय उचलायचा आणि लगेच पुन्हा दाबायचा. पट्टी आणि पाय एकदमच खाली गेले तर आधीचा कॉर्ड नव्यात मिसळतो, आणि यंत्र निर्दोष असलं तरी चिखलच ऐकू येतो. पियानो शिकवणाऱ्या एका बाईंनी मला हे दाखवलं होतं. त्या म्हणायच्या, पाय कानाच्या मागून चालला पाहिजे.

गावभागची_सरगम | मंगळवार, रात्री ९.३०

काका, नमस्कार. तुमचं अगदी बरोबर. ती मुलगी पट्टी आणि पाय एकदमच टाकते. उद्या शांतपणे तेवढंच करून घेईन.

पेडल उघडलं. दोन पात्याच होत्या. पहिल्या पट्टीवर शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ आली, तिसरी पट्टी स्वच्छ निघाली. बंद करून लावलं. अर्धा तास वाजवलं, एकदाही अडकलं नाही! सोल्डरगन दादा, मनापासून आभार.

गावभागची_सरगम | गुरुवार, रात्री ८.२०

पुन्हा सुरू झालं. दोन दिवस उत्तम चाललं, आज वर्गात सहावा मुलगा वाजवायला बसला आणि सूर अडकला. मुलगी रडवेली झाली, तिला वाटलं तिच्याकडून पेडल मोडलं. तिला जवळ बसवून सांगितलं की तुझा काही दोष नाही. नवीन पेडल मागवावं तर रविवारच्या आत येईल असं वाटत नाही.

सोल्डरगन_मिरज | गुरुवार, रात्री ८.४५

थांबा, हरायचं नाही. पात्या मळल्या होत्या हे खरं, पण मूळ दुखणं दुसरीकडं आहे. उघडझाप करताना वायर थोडी सरकली आणि दोन दिवस जोड लागून राहिला, एवढंच झालं असणार. आता वायर. घरात मल्टीमीटर (तारेत जोड आहे का ते दाखवणारं यंत्र) आहे का?

वालचंदचा_विद्यार्थी | गुरुवार, रात्री ९.००

मल्टीमीटर नसला तरी चालेल. कीबोर्डला यूएसबी असेल तर लॅपटॉपला जोडा आणि मिडी मॉनिटरचं, म्हणजे कीबोर्ड काय संदेश पाठवतोय ते आकड्यांत दाखवणारं, कुठलंही फुकट सॉफ्टवेअर उघडा. सस्टेन पेडल ६४ नंबरचा कंट्रोलर म्हणून दिसतं. साधं पेडल दाबलं की १२७, सोडलं की ०. नियम असा की ६३पर्यंत बंद आणि ६४पासून पुढं चालू.

आता पेडलला हात न लावता फक्त वायर हलवायची, वीत-वीत अंतरानं, पिनेपासून पेडलपर्यंत. जिथं वाकवल्यावर पडद्यावर १२७, ०, १२७, ० अशी रांग लागेल, तिथं वायर तुटलीय. कानाला जे कळत नाही ते इथं दिसतं.

मी कॉलेजच्या हॉस्टेलवरच असतो. विश्रामबागहून गावभागात यायला वेळ लागत नाही. हवं असेल तर उद्या संध्याकाळी मल्टीमीटर घेऊन येतो.

गावभागची_सरगम | शुक्रवार, रात्री १०.१५

हा मुलगा खरंच आला. चहासुद्धा आधी नको म्हणाला.

पिनेकडून सुरुवात केली. पडदा शांत. मधली वायर वाकवली, शांत. पेडलच्या पोटातून वायर बाहेर येते तिथं त्यानं नुसतं बोट टेकवलं आणि पडद्यावर आकड्यांचा पाऊस सुरू झाला. एका सेकंदात दहा-बारा वेळा १२७ आणि ०. मग मल्टीमीटर बझरवर ठेवून तेच केलं. वायर डावीकडं वाकवली की टींऽऽ, उजवीकडं वाकवली की गप्प.

वरून वायर अगदी धड दिसत होती, काळं आवरण कुठं चिरलेलं नाही. त्यानं ब्लेडनं आवरण उभं कापलं. आतले तांब्याचे केस जवळजवळ सगळे तुटलेले. टोकं हिरवी पडलेली. फक्त दोन केस एकमेकांना टेकून होते, आणि वायर हलली की तेही सुटायचे. माझे तीन आठवडे त्या दोन केसांवर लटकत होते.

कारणही कळलं. वर्ग संपला की मी वायर पेडलभोवती घट्ट गुंडाळून ठेवते. सहा वर्षं, रोज. प्रत्येक वेळी पहिला वेढा नेमका तिथंच काटकोनात वाकायचा. नीटनेटकेपणा म्हणूनच करत होते.

सोल्डरगन_मिरज | शुक्रवार, रात्री १०.३०

सापडलं! आता तुटलेल्या जागेपासून चार बोटं वायर पूर्ण कापून टाका. तेवढ्यावर भागवू नका, तांबं गुलाबी, चकचकीत दिसेपर्यंत मागं कापत जा. काळ्या-हिरव्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो आणि महिन्यानं सुटतो. २५ वॅटची सोल्डरगन पुरे. जुनी वायर जिथं स्विचला जोडलीय तिथंच नवी टोकं जोडा. दोन्ही उलटसुलट लागली तरी पेडल चालतं, शेवटी स्विचच आहे.

आणि सोल्डर करण्याआधी वायर पेडलच्या भोकातून आत घेऊन आतल्या बाजूला एक गाठ मारा. वायर ओढली गेली तर ओढ गाठीवर यावी, सोल्डरवर नको. वायर चार बोटं तोकडी झाल्यानं काही बिघडत नाही.

कराडहून | शनिवार, सकाळी ९.००

तांब्याचं अगदी खरं. २०१९च्या ऑगस्टात आमच्याकडं पाणी शिरलं. कीबोर्ड माळ्यावर टाकला, पेडल खालीच राहिलं. सांगलीत तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तुम्हा लोकांना सांगायला नको. पूर ओसरल्यावर पेडल धुऊन वाळवलं, स्विच साफ केला आणि ते चाललं. वर्षभरानं बंद पडलं. वायर कापत गेलो तर हातभर कापली तरी आत काळीच. ओल आवरणाच्या आतून तारेच्या केसांमधून पुढं सरकत गेली होती. शेवटी दोन मीटर नवीन वायर आणि नवी पी-३८ घातली. शंभराच्या आत काम झालं.

पिन घेताना एकच बघा, मोनो की स्टिरिओ. मोनोवर एक काळी रेघ असते, स्टिरिओवर दोन. साध्या पेडलला मोनो. दोन रेघांची पिन अर्ध्या पेडलची असते, म्हणजे थोडं दाबलं तर थोडंच घुमतं. तुमचा कीबोर्ड ते ओळखत असेल तरच तिचा उपयोग.

गावभागची_सरगम | शनिवार, सायंकाळी ७.४०

सोल्डर झालं. वालचंदच्या मुलानं हात धरून मला करायला लावलं, पहिला सांधा ओबडधोबड झाला तो काढून पुन्हा केला. पडद्यावर वायर कशीही वाकवली तरी एकही आकडा हलत नाही. तीस वेळा बंद-चालू केलं, तीसही वेळा सरळ. आधी पेडल लावायचं, मगच कीबोर्ड चालू करायचा, अशी चिठ्ठी कीबोर्डवर चिकटवलीय.

एकच राहिलं. मंडपात खाली जाजम असतं, पेडल पुढं-पुढं सरकतं.

काळी_चार | शनिवार, रात्री ८.००

दाराशी टाकतात ती खाली रबर असलेली पायपुसणी घ्या. उलटी टाका, रबर वर. पेडल रबरावर आणि पायपुसणीचं मागचं टोक स्टूलच्या पायाखाली दाबून ठेवा. वाजवणाऱ्याच्या वजनानंच सगळं जागेवर राहतं. आम्ही लग्नाच्या हॉलच्या गुळगुळीत फरशीवरही असंच करतो.

गावभागची_सरगम | रविवार, रात्री ११.५०

आत्ता घरी आले.

पायपुसणी हलली नाही. तिनं पाय कानामागून चालवला, एकही कॉर्ड मिसळला नाही. शेवटचा कॉर्ड वाजला. मी मागं उभी राहून बोटांवर मात्रा मोजत होते. सहाव्या मात्रेला मंडपातले लोक टाळ्या वाजवायला लागले, तरी तिनं पाय हलवला नाही. नवव्याला उचलला आणि आवाज तिथंच थांबला.

सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात.

पायपेटी | सोमवार, सकाळी ६.१५

टाळ्या ऐकूनही पाय हलला नाही, ही पोर पुढं जाईल. तिला आमचे आशीर्वाद सांगा.

साताऱ्याची_नवखी | गुरुवार, दुपारी १.१०

धागा वाचून विचारते. माझं बरोब्बर उलट आहे. सूर अडकत नाहीत, पण पेडल दाबलं तरी सस्टेन मिळतच नाही. कधीतरी दहात एकदा मिळतं. चालू करताना पेडल मोकळं असतं. मलाही वायरच बघावी लागेल का?

सोल्डरगन_मिरज | गुरुवार, दुपारी १.४०

हो. तुमचं पेडल दुसऱ्या प्रकारचं दिसतंय, पाय नसताना सुटं असणारं. त्यात जोड तुटला की सस्टेन जातो. पेडल दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं वायर हलवत जा. जिथं हलवल्यावर सस्टेन येईल तिथं तुटलीय. पेडलकडचं टोक आधी बघा, मग पिनेचं.

साताऱ्याची_नवखी | शुक्रवार, रात्री ९.०५

पिनेकडं निघालं. पिनेची टोपी फिरवून काढली तर आतली एक तार सांध्यातून सुटून नुसती टेकून होती. शेजारच्या रेडिओवाल्या काकांनी जोडून दिली. लागलं.